टेरीचा गुडघा

फुटबॉलवर काहीतरी लिहा, असं या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या तेव्हा मी त्यांना सांगितलं की मला फुटबॉल कळत नाही. त्यांना तो विनय वाटला. जपानमध्ये इतकी वर्षं काढली की मराठी माणसांनाही ही सवय लागते. समोरच्याने खरं सांगितलं तरी आपण मान डोलावतो आणि म्हणतो, छे छे, असं कसं.

म्हणून आधीच सांगून टाकते. इबाराकीच्या किनाऱ्यावर, एका बंदराच्या गावातल्या छोट्या फुटबॉल क्लबात मी दुभाषी होते. इंग्रजी बोलणारा एखाद-दुसरा खेळाडू आणि जपानी बोलणारे बाकीचे सगळे, यांच्या मधे उभं राहायचं काम. ऑफसाइड म्हणजे काय हे मला अजूनही हातवारे केल्याशिवाय सांगता येत नाही. ऑफसाइड दिल्यावर माणूस चिडून काय काय बोलतो, ते मात्र दोन्ही भाषांत पाठ आहे. वर मी शाकाहारी, आणि नोकरी बंदरावर. गाव अख्खं बांगड्याच्या वासाचं. घरी आल्यावर ईशा, माझी मुलगी, नाक मुरडून जपानीत विचारायची, "मामा, माता सक्का?" म्हणजे आई, पुन्हा फुटबॉल का? हो बाई, पुन्हा फुटबॉल.

नोकरी कशी मिळाली ते सांगायला हवं, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे. आम्ही त्सुकुबाला राहायचो. श्रीधर, माझा नवरा, तिथल्या एका संशोधन संस्थेत होता. मी त्याच्यामागून आलेली बायको. अशा बायका जे करतात ते सगळं मी केलं होतं. कचरा कुठल्या वारी कुठला टाकायचा ते शिकले, पुण्यात सोडलेली सायकल पुन्हा चालवायला लागले, सिटी ऑफिसच्या फुकट वर्गात जपानी शिकले आणि मग हट्टाने त्याच्या परीक्षाही दिल्या. त्यानंतर २०११च्या मार्चमधला तो भूकंप झाला, त्सुनामीची लाट आली आणि उत्तरेकडची अणुभट्टी फुटली. परदेशी माणसं भराभर निघाली. क्लबाचा आधीचा दुभाषी कॅनडाचा होता, तोही गेला तो परत आला नाही. क्लबाचे मॅनेजर मात्सुदा-सान दुभाषी शोधत होते. माझ्या जपानीच्या बाईंनी त्यांना सांगितलं की त्सुकुबात एक भारतीय बाई आहे, आणि ती गेलेली नाही.

मुलाखतीत मात्सुदा-साननी एकच प्रश्न विचारला. "आपटे-सान, तुम्ही इथेच राहणार आहात ना?"

मी हो म्हटलं आणि नोकरी लागली.

आम्ही का राहिलो, याचं खरं उत्तर फार साधं आहे. श्रीधरच्या प्रयोगशाळेतली यंत्रं आडवी झाली होती, त्याला ती उभी करायची होती. पुण्याहून रोज फोन यायचे, निघून या म्हणून. रोज संध्याकाळी आम्ही निघायचं ठरवायचो आणि सकाळी ते राहून जायचं. शेवटी इतका उशीर झाला की लोक त्यालाच धैर्य म्हणायला लागले. शेजारच्या आजी मला रस्त्यात थांबवून वाकून म्हणायच्या, "राहिलात, फार उपकार झाले." मी म्हणायचे, छे छे, तसं काही नाही. त्या आणखी वाकायच्या.

आता धंद्याबद्दल थोडं. लोकांना वाटतं दुभाषी म्हणजे शब्द बदलून देणारी बाई. फुटबॉल क्लबात दुभाषी म्हणजे आई, ड्रायव्हर, वकील आणि कधीकधी मोलकरीणसुद्धा. खेळाडूचं बँकेत खातं उघडायचं, त्याने बाटल्यांच्या दिवशी प्लास्टिक टाकलं म्हणून शेजाऱ्यांची माफी मागायची, डॉक्टरकडे न्यायचं. सामन्यात बाकावर कोचच्या शेजारी बसायचं आणि कोच ओरडला की उठून रेषेपर्यंत पळत जाऊन तेच इंग्रजीत ओरडायचं. आमचे कोच ओदा-सान सामन्याच्या बाहेर तोंडातून शब्द काढायचे नाहीत, पण मध्यंतरात त्यांना कंठ फुटायचा. मध्यंतरात खेळाडू कपडे बदलत असतात आणि मी बाई, म्हणून सामानवाल्या काकांनी ड्रेसिंग रूमच्या दाराला निळा पडदा शिवून लावला होता. ओदा-सान आत, मी बाहेर. "वेगाने परत या, मधली जागा सोडू नका," असं मी कितीतरी हंगाम त्या पडद्याला सांगितलं आहे.

या कामाचा नियम एकच. बोलणाऱ्याचा 'मी' तोच आपला 'मी'. खेळाडू म्हणाला मी दमलोय, तर "तो दमलाय असं म्हणतो" असं म्हणायचं नाही, "मी दमलोय" असंच म्हणायचं. आपल्या पदरचं काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण दिवसभर दुसऱ्याचा राग, दुसऱ्याची भीती, दुसऱ्याचा गुडघा 'माझा' म्हणून बोलायचा आणि मग दीड तास गाडी चालवून घरी जाऊन कुकर लावायचा. श्रीधर विचारायचा, काय म्हणतेस? आणि मला खरंच आठवायचं नाही की माझं स्वतःचं म्हणणं काय आहे. थकवा म्हणतात तो हाच. अंग दुखण्याचा नव्हे.

बऱ्याच खेळाडूंसाठी मी बोलले. एक गोलकीपर होता, तो प्रत्येक सामन्याआधी मला गोलाच्या खांबाला हात लावायला लावायचा. मी शुभ आहे असं त्याने परस्पर ठरवलं होतं. पण कुणी विचारलं की कोण लक्षात राहिलं, तर टेरी. तो इंग्रजीत सगळ्यांशी एकाच 'यू'ने बोलायचा, मराठीत मी त्याला अरे-तुरे करते आहे. तो माझ्यापेक्षा दहा-एक वर्षांनी लहान होता आणि त्याचे सॉक्स मी धुतलेले आहेत.

टेरी स्ट्रायकर होता. स्ट्रायकर म्हणजे गोल करायला ठेवलेला माणूस. गोल झाले तर गाव डोक्यावर घेतं, नाही झाले तर पुढच्या गावाचं तिकीट. टेरीने तिकिटंच जास्त पाहिली होती. इंग्लंडमधली चार-पाच लहान गावं, मग स्कॉटलंड, सायप्रस, मलेशिया, हाँगकाँग, मधे एक हंगाम कोलकाता, मग ऑस्ट्रेलिया. भूकंपाच्या वर्षी जुलैत मी त्याला घ्यायला नारिताला गेले, तर एक उंच, उन्हाने रापलेला, झोप न झालेला माणूस डावा पाय जरासा ओढत बाहेर आला. हात मिळवला आणि पहिला शब्द बोलला तो जपानी, "कोओरी?" म्हणजे बर्फ.

मला वाटलं, गोऱ्या माणसाला उकडतंय. विमानतळावरच्या कोंबिनीतून, म्हणजे दिवसरात्र उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानातून, मी त्याला बर्फाने भरलेला पेला आणून दिला. गाडीत बसल्यावर त्याने बॅगेतून बदकांची चित्रं असलेला पिवळा टॉवेल काढला, त्यात बर्फ ओतला आणि गुडघ्यावर बांधला. टॉवेल त्याच्या मुलीचा, मॉलीचा होता. ती आईजवळ इंग्लंडमध्ये होती.

"जिथे जातो तिथे हा एक शब्द आधी शिकतो," तो म्हणाला. "ग्रीक येतो, मलाय येतो, बंगाली येतो. तुझ्या देशात बोरोफ ना?"

"ते कोलकात्यात. मी पुण्याची."

"पुण्यात काय म्हणतात?"

"बर्फ."

"मग फार लांब नाही," असं म्हणून तो डोळे मिटून पडला. गावात पोचेपर्यंत पेल्यातलं पाणी माझ्या गाडीच्या सीटमध्ये जिरलं होतं.

नवा खेळाडू घेताना आधी वैद्यकीय तपासणी होते. मोठ्या यंत्रात घालून गुडघे, घोटे, पाठ सगळं आतून बघतात, मगच सही. पण त्या वर्षी आमच्याकडच्या हॉस्पिटलचं छत खाली आलं होतं आणि ते यंत्र बंद होतं. दुसऱ्या हॉस्पिटलांत खरे आजारी लोक रांगेत होते, तिथे फुटबॉलवाल्याला कोण घेणार? डॉक्टरांनी टेरीचा गुडघा हातानेच दाबून, वाकवून पाहिला. टेरीने हसून दाखवलं. सही झाली.

क्लबाला खरं म्हणजे दुसराच स्ट्रायकर यायचा होता. भूकंपाच्या बातम्या बघून त्याने फार सभ्य भाषेत नकार कळवला होता. हे गावात सगळ्यांना माहीत होतं. बंदराची भिंत फुटलेली, खालच्या गल्लीतली घरं पाण्याने धुऊन नेलेली, गावचं नाव लेबलवर दिसलं की टोकियोतली गिऱ्हाइकं किरणोत्साराच्या भीतीने पाकीट परत फळीवर ठेवायची. पकडलेला मासा कुणी घेईना. अशा दिवसांत एक इंग्रज माणूस बॅग घेऊन राहायला आला. गावाने आपलं ठरवून टाकलं.

पहिल्या आठवड्यात मी टेरीला मासळीच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदाराने टोपी काढली, कमरेत वाकला आणि म्हणाला, "सगळे निघून गेले, तुम्ही आलात. खूप खूप आभार."

टेरी गोंधळला. मला म्हणाला, "नो, नो. त्यांना सांग, मला दुसरं कोणी घेत नव्हतं."

मी तसंच्या तसं सांगितलं, 'मला दुसरं कोणी घेत नव्हतं.' दुकानदाराचे डोळे भरून आले. त्याने दोन बांगडे कागदात बांधून हातात कोंबले आणि काही केल्या पैसे घेतले नाहीत.

हे असं का झालं ते बाहेरच्या माणसाला समजावायला हवं. इथे कुणी स्तुती केली की ती लगेच घ्यायची नसते. आधी नाकारायची, मी कसला, माझ्यात काय आहे, असं म्हणायचं. जितकं जोराने नाकाराल तितका माणूस मोठा. आपल्याकडेही पानावर बसल्यावर 'नको नको' चालतंच, पण इथे त्याची नीट शिस्त आहे. आणि टेरी बिचारा खरं बोलत होता. शाळेत बोलावलं तिथे त्याने मुलांना सांगितलं की मी शूर वगैरे नाही, एजंटचा फोन आला म्हणून आलो. मी भाषांतर केलं. मुख्याध्यापक मुलांकडे वळून म्हणाले, "बघा, खरा मोठेपणा असा असतो." मुलांनी टाळ्या वाजवल्या. टेरीने माझ्याकडे बघितलं.

"तू नीट सांगतेस ना?"

"अक्षर न् अक्षर."

"मग थोडं कमी नीट सांगून बघ."

मी त्याला सांगितलं की तसं करता येत नाही. पण मनातून मीही वैतागले होते. माझं भाषांतर जितकं अचूक, तितका त्याचा पुतळा उंच होत होता.

यात सगळ्यात पुढे होत्या नेमोतो-सान. साठी उलटलेली, बुटकी, करड्या आवाजाची बाई. रताळी उकडून, चकत्या करून उन्हात वाळवतात, तो इथला प्रसिद्ध खाऊ आहे. नेमोतो-सानचं त्याचं दुकान होतं. लाटेत दुकान गेलं, वरच्या माळावरच्या गोदामातला माल तेवढा वाचला, आणि तो कुणी विकत घेत नव्हतं. सरकारने बांधलेल्या तात्पुरत्या घरांतल्या एका खोलीत त्या राहायच्या आणि प्रत्येक सामन्याला स्टँडमध्ये ढोल वाजवायच्या. नवऱ्याचा ढोल होता, नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी वारला होता. टेरीला त्यांनी रताळ्याच्या चकत्यांची पिशवी दिली. तो गोडखाऊ. सामन्यात बदली खेळाडू म्हणून बाकावर बसला की चकत्या चघळत बसायचा. मला उपासाच्या रताळ्याची आठवण यायची आणि त्याला फक्त भूक लागलेली असायची. पण लोकांनी काय पाहिलं? आमच्या मातीतलं पीक जे कुणी खात नाही, ते हा माणूस सगळ्यांदेखत खातो. पिशव्या वाढत गेल्या. प्रत्येक पिशवीला तो आधी "नो, नो" म्हणायचा आणि प्रत्येक "नो"नंतर आणखी एक पिशवी यायची.

पानगळीच्या दिवसांत हॉस्पिटलचं यंत्र दुरुस्त झालं. राहून गेलेली तपासणी करायला मी, मात्सुदा-सान आणि टेरी गेलो. डॉक्टरांनी पडद्यावरचं चित्र पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हा माणूस खेळतो?"

मी टेरीला तेच विचारलं. टेरी म्हणाला, "त्यांना सांग, ओदा-सानलाही हाच प्रश्न पडतो."

डॉक्टर हसले नाहीत. गुडघ्यात गादी म्हणून जे असतं ते उरलेलं नाही, हाडावर हाड घासतंय, आणि हे आजकालचं नाही, बरंच जुनं आहे, असं म्हणाले. असंच खेळत राहिला तर चाळिशीच्या आत सांधा बदलावा लागेल आणि मुलांमागे पळणं विसरावं लागेल. हे सगळं मी टेरीच्या वतीने ऐकलं आणि डॉक्टरांच्या वतीने त्याला सांगितलं. निघताना मात्सुदा-साननी डॉक्टरांना वाकून नमस्कार केला आणि बाहेरच्या नाणी टाकायच्या यंत्रातून आम्हा दोघांना गरम कॉफीचे डबे काढून दिले. एवढंच म्हणाले, "जमेल तेवढं खेळा, टेरी-सान. गाव आता तुम्हाला सोडणार नाही."

परतताना गाडीत टेरी बोलायला लागला.

"ऑस्ट्रेलियात तपासणीत नापास झालो, त्याआधी मलेशियात. इथे यंत्र चालू असतं तर तिसऱ्यांदा झालो असतो. तुला कळतंय ना, व्ही?" माझं वैजयंती हे नाव त्याने एका अक्षरावर आणलं होतं. "भूकंप झाला म्हणून मला नोकरी लागली. आणि ज्यांची घरं गेली ते मला मासे देतात."

ते भाषांतर करायचं वाक्य नव्हतं, आणि दुभाष्याची जागा सोडून बोलायची सवय मोडली होती. पण बंदराचा पूल येईपर्यंत माझ्या डोक्यात मात्सुदा-सानचा तो मुलाखतीतला प्रश्न घोळत होता. कॅनडावाला गेला नसता तर मी आजही त्सुकुबात भाजी निवडत बसले असते. माझी नोकरी तरी कशामुळे लागली होती?

पुढचा हंगाम मला आठवतो तो इंजेक्शनं आणि बर्फ असाच. करार वाढवला, कारण अशा माणसाला काढणार कोण? टेरी शेवटच्या काही मिनिटांसाठी मैदानात यायचा. चेंडू त्याच्याकडे यायचा, तो अर्धं पाऊल मागे पडायचा आणि चेंडू निघून जायचा. आणि लोक टाळ्या वाजवायचे. नेमोतो-सानचा ढोल त्याच्या नावाच्या गाण्याचा ठेका धरायचा. चुकलेल्या चेंडूला टाळ्या! एकदा तो बाकावर येऊन टॉवेलमध्ये तोंड खुपसून मला म्हणाला, "इंग्लंडमध्ये असं खेळलो असतो तर माझ्या आईचा उद्धार केला असता. व्ही, यांना सांग ना, एकदा तरी शिव्या द्या." ते मी सांगितलं नाही, कारण सांगायला समोर कोणी नव्हतं, पंधराशे माणसं गात होती. त्याची दया येत होती आणि माझीही. थकलेल्या माणसाला सगळ्यात जास्त थकवतं ते प्रेमच, असं मला त्या हंगामात वाटायचं.

त्या दिवसांनंतरचं थोडक्यात सांगते. टेरी आता इंग्लंडमध्ये एका शाळेत मुलींना फुटबॉल शिकवतो. गुडघा धातूचा आहे. बर्फाची गरज संपली, असं लिहितो. क्लब नंतर एक पायरी खाली गेला, ओदा-सान निवृत्त झाले, निळा पडदा कुणी काढला ते मला माहीत नाही. मी आता टोकियोत, हिगाशी-कसाईत राहते, आपल्या नव्याने आलेल्या मुलींना आणि सुनांना जपानी शिकवते. त्या मला विचारतात, काकू, भूकंपाच्या वेळी तुम्ही इथेच होतात ना? मग मला तो नोव्हेंबरमधला शेवटचा सामना आठवतो.

टेरीने ठरवलं होतं की आता पुरे. मॉली सात वर्षांची झाली होती आणि फोनवर विचारायची की घरी आल्यावर पळायची शर्यत लावशील का. हंगामातल्या शेवटच्या घरच्या सामन्यानंतर इथे एक रीत असते. सगळे खेळाडू मैदानात रांगेत उभे राहतात, क्लब सोडून जाणारे माइकवर दोन शब्द बोलतात, मग सगळ्या स्टँडसमोर जाऊन वाकतात. मात्सुदा-साननी टेरीला सुचवलं होतं की घरच्या कारणासाठी परत जातोय एवढं म्हणा. टेरी म्हणाला, "दोन हंगाम खोट्यावर जेवलो. आता जाताना तरी नको."

सामना संपल्यावर बोगद्यात मात्सुदा-साननी मला बाजूला घेतलं. "आपटे-सान, ते काय बोलतील माहीत नाही. तुम्ही जरा... सांभाळून."

सांभाळून म्हणजे काय, हे इथे राहणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. त्यांचं चुकलं असंही मी म्हणणार नाही. गावातली कितीतरी माणसं अजून तात्पुरत्या घरांत राहत होती, त्यांच्याजवळ अभिमानाने सांगण्यासारख्या ज्या थोड्या गोष्टी होत्या, त्यांतली एक हा माणूस होता. ती काढून घ्यायची आणि तीही माझ्या तोंडून.

"ते जे बोलतील ते मी बोलेन," मी म्हटलं. "दुसरं मला येत नाही."

टेरीच्या हातात एक माइक, माझ्या हातात एक. तो एक वाक्य बोलायचा आणि थांबायचा, मग मी.

"मी इथे आलो ते धैर्य होतं म्हणून नाही," तो म्हणाला. मी सांगितलं. स्टँडमधून ओळखीचा तो कौतुकाचा हुंकार आला आणि टाळ्या सुरू झाल्या. पुन्हा विनय. टेरी माझ्याकडे वळून म्हणाला, "त्यांच्या टाळ्या थांबव." त्याचा माइक तोंडाशीच होता.

आपल्या पदरचं घालायचं नाही, काही गाळायचं नाही. मी माइकवर म्हटलं, "टाळ्या थांबवा."

जपानमध्ये असं कुणी म्हणत नाही. टाळ्या एकदम थांबल्या. ढोलसुद्धा.

मग तो सरळ हकीकत सांगायला लागला, आणि हकीकतीला विनय म्हणता येत नाही. गुडघा इथे येण्याआधीच गेला होता. दोन देशांतल्या क्लबांनी तपासून परत पाठवलं होतं. इथेही यंत्र चालू असतं तर परत पाठवलं असतं. यंत्र भूकंपात मोडलं होतं. मी एकेक वाक्य त्यांच्यापुढे ठेवत गेले. मग तो म्हणाला ते वाक्य मला माहीत होतं, गाडीत ऐकलं होतं. तरी ते जपानीत म्हणताना माझा आवाज फाटला.

"तुमच्याकडे भूकंप झाला, म्हणून मला ही नोकरी मिळाली."

तोवर रोज दुसऱ्यांचा 'मी' बोलत आले होते, पण त्या वाक्यात मला माझा स्वतःचा 'मी' बाहेर ठेवावा लागला नाही. कुणाला कळलं की नाही, देव जाणे. मात्सुदा-सान गवताकडे बघत होते. टेरी म्हणाला, "माफ करा," मी म्हटलं, "माफ करा," आणि आम्ही दोघं तसेच उभे राहिलो.

आमचं स्टेडियम लहान. स्टँडचा कठडा मैदानापासून हाताच्या अंतरावर. नेमोतो-साननी ढोलाच्या काठ्या खाली ठेवल्या, पायऱ्या उतरून त्या कठड्याशी आल्या आणि टेरीला हाताने जवळ बोलावलं. तो लंगडत गेला, मी मागे. माइक नव्हता, पण त्यांच्या आवाजाला तो लागत नाही.

"गुडघ्याचं काय सांगतोस?" त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशी मैदानाला एक फेरी मारलीस ना, तेव्हाच आम्हाला दिसलं. तीस वर्षं फुटबॉल बघतोय. आंधळे आहोत का आम्ही?"

मी टेरीला सांगितलं. त्याने विचारलं, "मग आभार कसले मानत होतात?"

"आलास म्हणून," नेमोतो-सान म्हणाल्या. "का आलास, ते तुला कुणी विचारलं होतं? तुला कुणी घेत नव्हतं, आमच्याकडे कुणी येत नव्हतं. तू आलास, आमची रताळी खाल्लीस, दोन हंगाम दुखऱ्या पायाने धावलास. बाकीचं तुझं तुझ्याजवळ ठेव."

मागून मासळीवाला ओरडला, "आणि ते बांगडेही काही ताजे नव्हते!" लोक हसले. टेरीला मी तेही सांगितलं, आणि तो हसता हसता रडायला लागला, मोठ्या माणसाने रडू नये तसा, नाक ओढत.

नेमोतो-साननी कठड्यावरून रताळ्याच्या चकत्यांची पिशवी पुढे केली. मी सवयीने थांबले, आता "नो, नो" येईल म्हणून. आलं नाही. त्याने दोन्ही हातांनी पिशवी घेतली आणि गुडघा वाकेल तेवढा वाकला.

मग त्यांनी जाकिटाच्या खिशातून दुसरी पिशवी काढून माझ्यापुढे धरली. "आणि ही तुला. तूही गेली नाहीस."

'छे छे' माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी पिशवी घेतली.